कालश्रेणी विश्लेषण: आकड्यांचा क्रम काय सांगतो?

बारा शाखांनी वर्षभरात किती विक्री केली याचा तक्ता घेतला आणि त्यातल्या ओळी वरखाली केल्या, तर काही बिघडत नाही. बेरीज तीच, सरासरी तीच, सगळ्यात मोठी शाखा तीच. एकाच शाखेच्या बारा महिन्यांच्या विक्रीच्या ओळी अशाच फिरवल्या, तर सरासरी तीच राहते, पण कामाची माहिती हातची जाते. विक्री चढत होती की उतरत होती, कोणत्या महिन्यात उसळली आणि ती उसळी किती टिकली, हे सगळं त्या क्रमात होतं. ठरावीक अंतराने एकामागून एक नोंदवलेल्या अशा आकड्यांना कालश्रेणी किंवा टाइम सिरीज म्हणतात. मासिक महागाई, तिमाही जीडीपी, रोजचा शेअरभाव, दर तासाचा विजेचा वापर या सगळ्या कालश्रेणीच.

कालश्रेणीतला आजचा आकडा कालच्या आकड्यापासून सुटा नसतो. ज्या महिन्यात बेरोजगारी जास्त असते, त्याच्या पुढच्या महिन्यातही ती सहसा जास्तच असते. मालिकेच्या स्वतःच्याच मागच्या आकड्यांशी असलेल्या या नात्याला स्वसहसंबंध म्हणतात. तो एक महिन्याच्या अंतराने मोजता येतो, तसा बारा महिन्यांच्याही. या नात्यामुळेच अंदाज बांधता येतो, आणि त्याच्यामुळेच नेहमीची संख्याशास्त्रीय सूत्रं इथे फसतात, कारण ती प्रत्येक नोंद स्वतंत्र धरून चालतात. शंभर दिवसांचे भाव म्हणजे शंभर स्वतंत्र पुरावे नव्हेत. एकमेकांना चिकटलेल्या नोंदींत नवी माहिती त्याहून पुष्कळ कमी असते, आणि सूत्र मात्र शंभराच्या हिशेबाने खात्री दाखवतं.

या विषयात शिरणारे बरेच जण थेट मॉडेलपाशी जातात. आमचं स्पष्ट मत असं की आधी आलेख काढावा, कॅलेंडर तपासावं, एक अगदी साधा अंदाज करावा आणि तो कुठे चुकला ते नीट वाचावं. पुढे काय करायचं ते चुकाच सांगतात. हे एका खऱ्या मालिकेवर करून पाहू.

एक मालिका जवळून

१९४९ ते १९६० या बारा वर्षांतली आंतरराष्ट्रीय विमानप्रवाशांची मासिक संख्या, हजारांत. एकूण १४४ आकडे. जॉर्ज बॉक्स आणि ग्विलिम जेन्किन्स यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ही मालिका वापरली, तेव्हापासून ती शिकण्या-शिकवण्यासाठी घेतली जाते. ‘आर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती आयती मिळते, त्यामुळे पुढचा सगळा हिशेब कुणालाही पडताळून पाहता येईल. जानेवारी ते डिसेंबर या क्रमाने तिची शेवटची दोन वर्षं अशी:

१९५९: ३६०, ३४२, ४०६, ३९६, ४२०, ४७२, ५४८, ५५९, ४६३, ४०७, ३६२, ४०५

१९६०: ४१७, ३९१, ४१९, ४६१, ४७२, ५३५, ६२२, ६०६, ५०८, ४६१, ३९०, ४३२

जानेवारी १९६० मध्ये ४१७ आणि फेब्रुवारीत ३९१, म्हणजे सहा टक्क्यांहून थोडी जास्त घट. एखाद्या बैठकीत यावर बराच वेळ चर्चा होऊ शकते. पण १९६० हे लीप वर्ष होतं आणि फेब्रुवारीचे दिवस २९. प्रत्येक महिन्याची संख्या दिवसांनी भागली की जानेवारीत रोज १३.४५ हजार, फेब्रुवारीत १३.४८ आणि मार्चमध्ये १३.५२ हजार प्रवासी येतात. घट झालीच नव्हती, महिना लहान होता. म्हणून मासिक आकडे हातात आले की पहिलं काम हे: एकूण दिवसांनी किंवा कामाच्या दिवसांनी भागून पाहायचं. किरकोळ विक्रीत तर वारही मोजावे लागतात. ३१ दिवसांच्या महिन्यात कोणतेतरी तीन वार पाचदा येतात, आणि ते शुक्रवार-शनिवार-रविवार असले तर त्या महिन्याची विक्री काहीही न करता फुगलेली दिसते.

आता हंगाम. १९४९ ची मासिक सरासरी १२६.७ हजार होती आणि नोव्हेंबरचा आकडा १०४, म्हणजे सरासरीपेक्षा २२.७ हजारांनी कमी. १९६० ची सरासरी ४७६.२ आणि नोव्हेंबर ३९०, म्हणजे ८६.२ हजारांनी कमी. फरकाने पाहिलं तर नोव्हेंबरचा खड्डा जवळजवळ चौपट खोल झाला. गुणोत्तराने पाहिलं तर दोन्ही वर्षी नोव्हेंबर सरासरीच्या ०.८२ पटच आहे. हंगामाचा परिणाम असा पातळीच्या प्रमाणात वाढत असेल तर त्याला गुणाकारी हंगाम म्हणतात, आणि पातळी बदलली तरी तो तेवढाच राहत असेल तर बेरजेचा हंगाम. गुणाकारी हंगामात आकड्यांचे लॉग (लॉगॅरिदम) घेतले की गुणाकाराची बेरीज होते आणि पुढचं काम सोपं होतं. धंदा वाढत असलेल्या बहुतेक विक्री-मालिका गुणाकारी निघतात.

पण इथेच थांबू नये. जुलैचं गुणोत्तर १९४९ मध्ये १.१७ होतं, १९६० मध्ये १.३१ झालं. म्हणजे उन्हाळी गर्दी एकूण वाढीपेक्षाही वेगाने वाढली. हंगामाचा आकार स्वतःच बदलतो. बारा वर्षांची सरासरी काढून ‘जुलैचा हंगामी निर्देशांक’ ठरवला असता तर शेवटच्या वर्षांत तो कमी पडला असता. अलीकडच्या चार-पाच वर्षांना जास्त वजन देणं बरं.

आता डिसेंबर १९५९ मध्ये उभे राहून १९६० चा अंदाज करू. सगळ्यात साधा अंदाज म्हणजे ‘मागच्या वर्षी त्याच महिन्यात जेवढे, तेवढेच यंदा’. तो दर महिन्याला सरासरी ४७.८ हजारांनी चुकतो, आणि बाराही महिने एकाच दिशेने: खरा आकडा प्रत्येक वेळी जास्त. चुकांचं चिन्ह आकाराच्या आधी पाहायचं ते यासाठी. सगळ्या चुका एका बाजूला पडल्या, तर अंदाजातून एखादी गोष्ट सुटली आहे. इथे वाढ सुटली आहे. १९५८ चे एकूण प्रवासी ४,५७२ हजार आणि १९५९ चे ५,१४० हजार, म्हणजे वाढ १२.४ टक्के. तेवढीच वाढ पुढेही धरून १९५९ चा प्रत्येक आकडा १.१२४ ने गुणला, तर चिन्ह न पाहता काढलेली सरासरी चूक ४७.८ वरून १३.४ हजारांवर येते. एका गुणाकाराने चूक पूर्वीच्या २८ टक्क्यांवर आली.

उरलेल्या चुकांत मार्चची सगळ्यात मोठी आहे. अंदाज ४५६, प्रत्यक्षात ४१९. आणि लगेच एप्रिलमध्ये उलट: अंदाज ४४५, प्रत्यक्षात ४६१. अशी जोडी दिसली की कॅलेंडर काढावं. १९५९ मध्ये ईस्टर २९ मार्चला होता, १९६० मध्ये १७ एप्रिलला. सुट्टीचा प्रवास एका महिन्यातून दुसऱ्यात सरकला. मार्चची वार्षिक वाढ ३.२ टक्के दिसते आणि एप्रिलची १६.४ टक्के. दोन्ही महिने एकत्र केले तर ९.७ टक्के. ज्या सणांची तारीख दरवर्षी सरकते ते सगळे मासिक आकड्यांत हाच गोंधळ घालतात, आणि कोणतंही मॉडेल तो आपणहून ओळखत नाही. सणाचे किती दिवस कोणत्या महिन्यात पडले याचा वेगळा रकाना करून तो मॉडेलला द्यावा लागतो.

शेवटचे पाच महिनेही बोलके आहेत. ऑगस्ट ते डिसेंबरपैकी ऑक्टोबर सोडला तर चारही महिन्यांत अंदाज जास्त निघाला. या पाच महिन्यांची वाढ ९.२ टक्केच आहे. वाढीचा वेग मंदावत होता. वर्षाच्या सुरुवातीला केलेला अंदाज डिसेंबरपर्यंत तसाच ठेवला तर हे कळत नाही. दर महिन्याला नवा आकडा घालून अंदाज पुन्हा काढला तर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत लक्षात येतं.

मालिकेचे भाग सुटे करणं

वर जे हाताने केलं, त्याची पद्धतशीर मांडणी म्हणजे मालिकेचं विघटन. मालिकेत चार गोष्टी मिसळलेल्या असतात असं धरतात: दीर्घकालीन कल, दरवर्षी त्याच सुमारास येणारा हंगामी बदल, तेजी-मंदीचे चक्रीय चढउतार आणि उरलेली अनियमितता. हंगाम आणि चक्र यांची गल्लत करू नये. हंगामाचा कालावधी ठरलेला असतो: बारा महिने, चार तिमाह्या, सात दिवस. चक्राचा ठरलेला नसतो. एक मंदी दोन वर्षांत संपते, दुसरी सहा वर्षं रेंगाळते. म्हणून विघटनात कल आणि चक्र बहुधा एकत्रच ठेवतात.

मासिक आकड्यांसाठी कृती अशी. आधी बारा महिन्यांची चल सरासरी काढायची. बारा हा सम आकडा असल्यामुळे ही सरासरी दोन महिन्यांच्या मधोमध पडते. ती एका महिन्यावर आणण्यासाठी तेरा महिने घेतात, पहिल्या आणि तेराव्या महिन्याला अर्धं वजन देतात, मधल्या अकरांना पूर्ण, आणि बेरजेला बाराने भागतात. हा झाला कल. मग मूळ आकड्याला कलाने भागायचं. येणाऱ्या गुणोत्तरांपैकी सगळ्या जानेवारींची सरासरी म्हणजे जानेवारीचा निर्देशांक, तसंच इतर महिन्यांचं. बारा निर्देशांकांची बेरीज बरोबर बारा यावी म्हणून सगळ्यांना एका छोट्या गुणकाने जुळवून घ्यायचं. शेवटी मूळ आकड्याला त्या महिन्याच्या निर्देशांकाने भागलं की हंगाम काढून टाकलेली मालिका मिळते.

अडचण टोकांना आहे. तेरा महिन्यांच्या सरासरीला दोन्ही बाजूंना सहा-सहा महिने लागतात, त्यामुळे शेवटच्या सहा महिन्यांचा कल निघतच नाही, आणि धंद्याला नेमके तेच महिने हवे असतात. अमेरिकेच्या जनगणना विभागाने १९६५ मध्ये एक्स-११ ही पद्धत आणली, तिच्यात टोकांसाठी वेगळी, असमान वजनं आहेत. पुढे कॅनडाच्या सांख्यिकी खात्याने मालिकेच्या टोकाला आधी मॉडेलने अंदाज जोडून मग हंगाम काढायची युक्ती त्यात घातली. आज वापरात असलेली एक्स-१३ पद्धत याच घराण्यातली आहे. मात्र टोकाचा आकडा अंदाजावर उभा असल्याने पुढचे महिने आले की मागचे ‘हंगाम-समायोजित’ आकडे थोडे बदलतात. यात कुणी लबाडी केलेली नसते, ही पद्धत अशीच चालते.

बातमीतले टक्के

वाढ तीन वेगळ्या प्रकारे सांगितली जाते आणि तिन्ही ‘वाढ’ याच नावाने छापून येतात. मागच्या महिन्याच्या किंवा तिमाहीच्या तुलनेत, मागच्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेत, आणि वार्षिक दराने. पहिली फक्त हंगाम काढलेल्या आकड्यांवरच काढावी. दुसरीत हंगाम बराचसा आपोआप निघून जातो, पण तिच्यात गेल्या बारा महिन्यांचा सगळा इतिहास साठलेला असतो, त्यामुळे वळण उशिरा दिसतं. तिसरीत एका तिमाहीचा वेग वर्षभर टिकला असं धरतात: तिमाहीत ०.५ टक्के वाढ झाली तर वार्षिक दर सुमारे २ टक्के. अमेरिकेचा तिमाही जीडीपी या तिसऱ्या पद्धतीने सांगतात, पुष्कळ देश पहिल्या किंवा दुसऱ्या पद्धतीने. पद्धत न पाहता दोन देशांचे आकडे शेजारी ठेवले तर तुलना चुकलीच.

वार्षिक तुलनेत पायाचा परिणाम असतो. उत्पादनाचा निर्देशांक १०० होता, मागच्या वर्षी एप्रिलमध्ये तो ६० वर कोसळला आणि यंदा एप्रिलमध्ये ९० झाला. वार्षिक वाढ ५० टक्के, आणि तरीही उत्पादन पूर्वीपेक्षा १० टक्के कमी. म्हणून टक्क्यांसोबत पातळीचा आलेख पाहायची सवय लावून घ्यावी. आणि रुपया, डॉलर, कोणत्याही चलनातली मालिका दीर्घकाळाची असेल तर किंमतनिर्देशांकाने भागून महागाई आधी काढून टाकावी. नाहीतर विक्रीचा कल म्हणून जे दिसतं त्यातला मोठा भाग भाववाढीचा असतो.

आकडे कुठून आले?

व्यवसायातली सगळ्यात महागडी चूक विक्रीलाच मागणी समजण्याची. माल संपला त्या आठवड्यात विक्री शून्य नोंदली जाते. मॉडेलला वाटतं मागणीच नव्हती, ते पुढचा अंदाज खाली आणतं, मग माल कमी मागवला जातो, पुन्हा लवकर संपतो, पुन्हा शून्य. हे चक्र मोडायचं तर विक्रीच्या शेजारी साठ्याची नोंद ठेवावी आणि साठा नव्हता ते दिवस ‘शून्य’ न लिहिता ‘माहीत नाही’ असे नोंदवावेत. शून्य आणि रिकामी जागा यांतला फरक कितीतरी तक्त्यांत पुसलेला असतो. दुकान बंद असल्यामुळे आलेलं शून्य, संगणक बंद पडल्यामुळे आलेलं शून्य आणि ग्राहक न आल्यामुळे आलेलं शून्य, तिन्ही वेगळी हाताळावी लागतात.

व्याख्याही बदलतात. शाखा वाढल्या, उत्पादनाचा कोड बदलला, निर्देशांकाचं आधारवर्ष बदललं, की मालिकेत एक पायरी दिसते. जुनी आणि नवी मालिका ज्या काळात दोन्ही उपलब्ध आहेत, त्या काळातलं गुणोत्तर काढून ती जोडायची. असा काळच नसेल तर जोडण्याचा अट्टहास करू नये.

२०२० सारखा धक्का आला तर ते महिने कच्च्या आकड्यांतून खोडू नयेत. मॉडेलमध्ये त्या महिन्यांसाठी वेगळे खुणेचे रकाने द्यावेत, किंवा फक्त हंगाम ठरवताना ते वगळावेत. नाहीतर एका वर्षीची टाळेबंदी दरवर्षीचा हंगाम म्हणून निर्देशांकात शिरते.

अर्थशास्त्रीय आकड्यांत आणखी एक खाच आहे: ते सुधारले जातात. जीडीपीचा पहिला अंदाज अपुऱ्या माहितीवर निघतो आणि पुढे अनेकदा बदलतो. आज मिळणारे सुधारित आकडे घेऊन ‘आमच्या मॉडेलने दहा वर्षांपूर्वीची मंदी ओळखली असती’ असं म्हणणं फसवं आहे, कारण तेव्हा ते आकडे कुणाकडेच नव्हते. अमेरिकेत सेंट लुइसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने ‘अल्फ्रेड’ नावाचा संग्रह ठेवला आहे, त्यात कोणत्या तारखेला कोणता आकडा उपलब्ध होता ते मिळतं. मॉडेल तपासायचं ते अशा आकड्यांवर.

जुनं हळूहळू विसरणारी सरासरी

सहा महिन्यांच्या साध्या चल सरासरीत सहा महिन्यांपूर्वीच्या आकड्याला पूर्ण वजन आणि सात महिन्यांपूर्वीच्याला शून्य. त्याऐवजी वजन हळूहळू कमी करत नेलं तर? हीच घातांकी सरासरी. नवा अंदाज = जुना अंदाज + अल्फा × (खरा आकडा − जुना अंदाज). अल्फा म्हणजे ० ते १ मधला, आपण ठरवायचा आकडा. जुना अंदाज २०० होता, विक्री २४० झाली आणि अल्फा ०.३ असेल तर नवा अंदाज २१२. सगळ्यात ताज्या आकड्याचं वजन ०.३, त्याआधीच्याचं ०.२१, त्याआधीच्याचं ०.१४७, असं ते उतरत जातं. अल्फा मोठा ठेवला तर अंदाज प्रत्येक उडीमागे धावतो, लहान ठेवला तर खरा बदल उशिरा पकडतो. तो अटकळीने ठरवू नये. मागच्या आकड्यांवर वेगवेगळे अल्फा लावून कमीत कमी चूक देणारा निवडावा. तो १ च्या अगदी जवळ आला तर बहुधा मालिकेत कल किंवा हंगाम आहे आणि ही साधी पद्धत अपुरी पडते आहे.

चार्ल्स होल्ट यांनी १९५७ मध्ये यात कलासाठी दुसरं समीकरण जोडलं आणि पीटर विंटर्स यांनी १९६० मध्ये हंगामासाठी तिसरं. होल्ट-विंटर्स पद्धत आजही हजारो वस्तूंच्या साठ्याचे अंदाज काढायला वापरतात. एक्सेलमधल्या अंदाजाच्या सोयीमागेही याच कुळातली पद्धत आहे. मासिक हंगामासाठी किमान दोन पूर्ण वर्षं हवीत, चार-पाच असली तर बरं. आणि कल अनंतकाळ सरळ पुढे न्यायचा नसतो. एक वर्षाहून लांबचा अंदाज असेल तर कल हळूहळू सपाट होत जाणारा पर्याय निवडावा. सरळ रेषेने नेलेले लांबचे अंदाज बहुतेक वेळा फार वर जातात.

खोटी नाती आणि अरिमा

१९२६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ अडनी यूल यांनी एक उदाहरण दाखवलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८६६ ते १९११ या काळात चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने होणाऱ्या विवाहांचं प्रमाण आणि मृत्युदर यांचा सहसंबंध ०.९५ च्या आसपास येतो (१ म्हणजे पूर्ण जुळणी). दोन्ही गोष्टी त्या काळात कमी होत गेल्या, एवढंच त्यांच्यात साम्य. १९७४ मध्ये क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी संगणकावर एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या भटकत्या मालिका (जिथे नवा आकडा म्हणजे मागचा आकडा अधिक एक यादृच्छिक उडी) तयार केल्या आणि एकीवरून दुसरीचं समीकरण मांडलं. सुमारे तीन चतुर्थांश वेळा नेहमीच्या चाचणीने ‘संबंध आहे’ असा कौल दिला.

कारण असं की या मालिका स्थिर नसतात. सरासरी, चढउताराचा आकार आणि शेजारच्या आकड्यांचं नातं काळानुसार बदलत नसेल तर मालिकेला स्थिर म्हणतात. वाढत जाणारा जीडीपी स्थिर नाही, शेअरभाव स्थिर नाही. उपाय सोपा आहे: पातळीऐवजी फरक घ्यायचा, म्हणजे यंदाचा आकडा वजा मागचा. एकदा फरक घेऊन बहुतेक आर्थिक मालिका स्थिर होतात, क्वचित दोनदा घ्यावा लागतो. उगाच जास्त वेळा फरक घेतला तर कृत्रिम उलटसुलट हेलकावे तयार होतात, तेव्हा थांबायचं कुठे हे पाहावं. डिकी-फुलर चाचणी ‘मालिका अस्थिर आहे’ असं गृहीत धरून सुरू होते, केपीएसएस चाचणी ‘स्थिर आहे’ असं धरून. दोन्ही कराव्यात. दोघींचा कौल जुळला नाही तर आलेख आणि विषयाचं ज्ञान यांवर निर्णय घ्यावा.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. दोन मालिका स्वतंत्रपणे भटकत असल्या तरी त्यांच्यातलं अंतर स्थिर राहू शकतं, जसं अल्पमुदतीचे आणि दीर्घमुदतीचे व्याजदर. याला सहएकात्मता म्हणतात. तिथे नुसते फरक घेतले तर दीर्घकालीन नात्याची माहिती फुकट जाते. ग्रेंजर आणि रॉबर्ट एंगल यांनी १९८७ मध्ये याची पद्धत मांडली आणि दोघांना २००३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ग्रेंजर यांच्याच नावाची ‘कार्यकारण’ चाचणीही आहे, पण ती फक्त एवढंच तपासते की एका मालिकेच्या मागच्या आकड्यांमुळे दुसरीचा अंदाज सुधारतो का. शेअरबाजार अनेकदा मंदीच्या आधी पडतो, कारण गुंतवणूकदार मंदीची चाहूल घेत असतात. त्यामुळे चाचणी होकार देईल, पण बाजार पडला म्हणून मंदी आली असा अर्थ त्यातून निघत नाही.

अरिमा या नावाच्या मॉडेलमध्ये तीन आकडे असतात: मागचे किती आकडे वापरायचे, किती वेळा फरक घ्यायचा, आणि अंदाजाच्या मागच्या किती चुका वापरायच्या. विमानप्रवाशांच्या मालिकेसाठी बॉक्स आणि जेन्किन्स यांनी लॉग घेतले, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी फरक घेतला, मग येणाऱ्या मालिकेचा मागच्या महिन्याशी फरक घेतला, आणि उरलेल्यावर फक्त दोन सहगुणक बसवले, एक मागच्या महिन्याच्या चुकीसाठी आणि एक बारा महिन्यांपूर्वीच्या चुकीसाठी. पहिला फरक म्हणजे वार्षिक वाढ, दुसरा म्हणजे त्या वाढीतला बदल. वर आपण १.१२४ ने गुणलं, त्याचंच हे दर महिन्याला दुरुस्त होत जाणारं रूप आहे.

मॉडेल बसवल्यावर उरलेल्या चुकांचा स्वसहसंबंध काढावा. त्यात काही नातं उरलं असेल, विशेषतः बाराव्या अंतरावर, तर वापरता येण्याजोगी माहिती अजून बाहेर पडून आहे. शेअरबाजारात चुका स्वतः सुट्या असतात, पण त्यांचा आकार सुटा नसतो: मोठ्या उलथापालथीमागून मोठीच येते. एंगल यांचं १९८२ चं आर्च मॉडेल चढउताराच्या या बदलत्या आकारासाठी आहे.

अंदाज तपासणं

यादृच्छिक नोंदी बाजूला काढून तपासण्याची नेहमीची पद्धत इथे चालत नाही, कारण मग मॉडेल भविष्य पाहून भूतकाळ सांगतं. शेवटचा काळ बाजूला ठेवायचा. त्याहून चांगलं म्हणजे, विमानप्रवाशांच्या मालिकेत, १९५७ पर्यंतच्या आकड्यांवरून पुढच्या बारा महिन्यांचा अंदाज, मग एक महिना पुढे सरकून पुन्हा, असं करत जायचं. भविष्यातल्या माहितीची गळती बारीक जागांवरून होते: हंगामी निर्देशांक संपूर्ण मालिकेवर काढून मग मालिका तोडणं, किंवा आइस्क्रीमच्या विक्रीचा अंदाज तपासताना त्या दिवसाचं खरं तापमान वापरणं, जे अंदाजाच्या दिवशी कुणालाच माहीत नसतं.

चूक टक्क्यांत मोजायची पद्धत सोयीची आहे, पण एकांगी आहे. खरा आकडा ५० आणि अंदाज १०० असेल तर चूक १०० टक्के, खरा १०० आणि अंदाज ५० असेल तर ५० टक्के. ही मोजपट्टी लावून मॉडेल निवडलं तर कमी अंदाज करणारं मॉडेल जिंकतं. खरा आकडा शून्य असेल तर भागाकारच होत नाही. म्हणून चिन्ह न पाहता सरासरी चूक घ्यावी आणि तिला ‘मागच्या वर्षीइतकंच’ या साध्या अंदाजाच्या चुकीने भागावं. आपल्या उदाहरणात १३.४ भागिले ४७.८, म्हणजे ०.२८. हे गुणोत्तर १ पेक्षा मोठं आलं तर महागडं मॉडेल बाजूला ठेवावं.

हे खरोखर घडतं. स्पायरॉस माक्रिडाकिस यांनी १९८२ पासून अंदाजपद्धतींच्या स्पर्धा घेतल्या. पहिल्या स्पर्धेत १,००१ मालिका होत्या, २०१८ च्या चौथ्या स्पर्धेत १ लाख. त्या चौथ्या स्पर्धेत उतरलेल्या सहा निव्वळ मशीन लर्निंग पद्धतींपैकी एकही पद्धत तीन साध्या पद्धतींच्या सरासरीला मागे टाकू शकली नाही. जिंकली ती घातांकी सरासरी आणि न्यूरल नेटवर्क यांची सांगड घालणारी पद्धत. दोन-तीन वेगळ्या पद्धतींच्या अंदाजांची सरासरी घेणं हा कमी कष्टाचा आणि बहुतेक वेळा फायद्याचा मार्ग आहे.

अंदाज देताना एकच आकडा देऊ नये, खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये पडावा असा पट्टा द्यावा. भटकत्या मालिकेत तो काळाच्या वर्गमुळाने रुंदावतो: एका दिवसाचा चढउतार २ असेल तर चार दिवसांचा ४ आणि पंचवीस दिवसांचा १०. सॉफ्टवेअरने दिलेले पट्टे सहसा अरुंद असतात, कारण मॉडेलच चुकीचं असण्याची शक्यता त्यांत धरलेली नसते. मागच्या तपासणीत ९५ टक्क्यांच्या पट्ट्यात प्रत्यक्षात किती आकडे पडले ते मोजावं आणि कमी पडले असतील तर पट्टा तेवढा रुंद करावा. साठा ठरवताना तर पट्ट्याचं टोकच कामाचं असतं. माल संपल्याने होणारं नुकसान एका नगामागे ९ आणि माल उरल्याने होणारं १ असेल, तर सरासरी अंदाजाइतका माल मागवणं चूक आहे. दहापैकी नऊ वेळा पुरेल इतका मागवावा, म्हणजे पट्ट्याची ९० टक्क्यांची पातळी गाठावी.